रस्त्याचा पैसा आणि गांजाचा धूर : सेंट पॉल महापालिकेतले दोन प्रश्न

महापालिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? तुंबलेले गटार, पहाटे चारला येणारा नळ आणि निवडणुकीच्या तोंडावर पडणारे डांबर. पण सभागृहात कोण काय बोलतो, कोणता पैसा कोणत्या रस्त्याला जातो, कोणत्या नियमाने कोणाच्या पोराला पोलीस हटकतो, याकडे आपले लक्ष कमीच. म्हणून अमेरिकेतल्या एका शहराची हकीकत वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

शहराचे नाव सेंट पॉल. मिनेसोटा राज्याची राजधानी, लोकसंख्या सुमारे तीन लाख. सात प्रभाग, सात नगरसेवक. २०२३ साली या सभागृहापुढे दोन विषय आले. उखडलेल्या रस्त्यांसाठी पैसा कोठून आणायचा, हा एक. आणि राज्याने गांजा कायदेशीर केल्यावर तो चारचौघांत कोठे ओढू द्यायचा, हा दुसरा.

आधी रस्त्याचे ऐका. रस्ता म्हटला की या शहरातल्या कृष्णवर्णीय घरांत जुनी जखम उघडी होते. रोंडो नावाची त्यांची भरभराटीची वस्ती होती. चर्च, दुकाने, वर्तमानपत्र, सगळे काही होते. १९५६ ते १९६८ या काळात आंतरराज्य महामार्ग क्रमांक ९४ या वस्तीच्या पोटातून नेला. सुमारे ७०० घरे आणि ३०० दुकाने-धंदे गेले. महामार्ग कोठून न्यायचा हे ठरवणाऱ्यांची घरे मात्र त्या वाटेत नव्हती! २०१५ साली महापौरांनी आणि राज्याच्या वाहतूक खात्याच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. २०१८ ला महापौर झालेले मेल्विन कार्टर हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांच्या आजोबांची मालमत्ताही रोंडोतच गेली होती. त्यांच्याच कारकिर्दीत रस्त्यांच्या पैशाचा प्रश्न पेटला.

पूर्वी शहर रस्त्यांच्या निगेसाठी रस्त्याला लागून असलेल्या प्रत्येक मालमत्तेकडून आकार घेत असे. चर्च मालमत्ता कर भरत नाहीत, पण हा आकार त्यांनाही द्यावा लागे. चर्चवाले कोर्टात गेले. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हिला फी म्हणत असलात तरी हा करच आहे. झाले, उत्पन्नाचा मोठा झरा आटला. राजधानीचे शहर असल्याने सरकारी कचेऱ्या, कॉलेजे, चर्च अशी करमाफ जमीन भरपूर. मग उरलेला बोजा कोणावर? छोट्या घरमालकावर, आणि भाड्याच्या रूपाने भाडेकरूवर.

तोडगा निघाला तो विक्रीकराचा. डॉलरमागे एक सेंट जादा. वीस वर्षांत सुमारे ९८ कोटी डॉलर मिळतील असा अंदाज; चारातले तीन हिस्से रस्त्यांना, एक हिस्सा उद्यानांना. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी मतदान झाले आणि सुमारे ६० टक्के लोकांनी होकार दिला. १ एप्रिल २०२४ पासून शहरातला विक्रीकर ९.८७५ टक्क्यांवर गेला. मिनेसोटात एवढा कर त्या वेळी दुसरीकडे कोठेच नव्हता.

आता विक्रीकर म्हणजे मालकाला आणि मोलकरणीला एकाच दराने. ज्याची सगळी मिळकत खर्चातच जाते त्याच्या संसाराला हा कर जास्त टोचतो. त्या राज्यात घरी शिजवायचे धान्य-भाजी, कपडे आणि औषधे यांवर विक्रीकर नाही, बाहेरगावहून येणाराही कर देऊन जातो, ही जमेची बाजू. तरीही प्रश्न राहतोच. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात ज्या प्रा. सेलिग्मन यांच्यापाशी शिकले ते याच विषयाचे पंडित होते. कर कोण भरतो आणि शेवटी तो कोणाच्या डोक्यावर बसतो, हा त्यांचा अभ्यास. बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ च्या ग्रंथाला प्रस्तावना त्यांचीच आहे. तेव्हा आकडे पाहून आपण बिचकू नये. हा विषय आपल्या घरचाच आहे.

ज्या दिवशी या कराला मते पडली त्याच दिवशी नवे सभागृहही निवडून आले. सातही जागांवर महिला! सातही चाळिशीच्या आतल्या, आणि त्यांतल्या सहा जणी गोऱ्या नसलेल्या समाजांतल्या. त्यांत कृष्णवर्णीय आहेत, हमोंग आहेत. एक जण तर स्थापत्य अभियंता. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी शपथ घेतली. तेथे महिलांसाठी राखीव प्रभाग नाहीत, हे आपल्या भगिनींनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. रस्त्यांच्या त्या पैशाचा पहिला हिशेब याच सभागृहाच्या वाट्याला आला.

आता गांजाचे. मिनेसोटात १ ऑगस्ट २०२३ पासून २१ वर्षांवरील माणसाला गांजा जवळ बाळगायला आणि ओढायला मुभा मिळाली. (आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा गुन्हाच आहे, तरुणांनी गैरसमज करून घेऊ नये.) सार्वजनिक जागी ओढण्याबाबत प्रत्येक शहराने आपला नियम करावा, पण तो मोडणे हे किरकोळ उल्लंघन धरावे, असे राज्याने ठरवले. म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर दंड, तुरुंग नाही. सेंट पॉलने उद्यानांत आणि इमारतींच्या दारांपासून ठराविक अंतरात गांजा ओढायला बंदी केली. तंबाखूलाही तीच बंदी.

यात वाईट काय, असे कोणीही आई-बाप विचारतील. मुले खेळतात तेथे धूर नको, हे कोणाला पटणार नाही? आपण तर पंचशील घेतलेली माणसे. पाचवे शील रोज म्हणतो, आणि बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दारूने उठलेले संसार आपण आपल्याच गल्लीत पाहिले आहेत. व्यसनाची बाजू हा लेख घेत नाही.

पण हीच प्रतिज्ञा देणाऱ्या बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला कडाडून विरोध केला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? सरकारचा महसूल बुडतो, शिक्षणासारख्या कामाचा पैसा जातो, आणि दारू गाळण्याचा धंदा घराघरांत शिरतो, असा तो युक्तिवाद. १९५१ ला हे, आणि १९५६ ला नागपूरला ती प्रतिज्ञा. मला यात विसंगती दिसत नाही. शील माणसाने स्वतः घ्यायचे असते. शिपायाच्या दंडुक्याने ते अंगी येत नाही, उलट दंडुका कोणाच्या पाठीत बसतो ते आपण जाणतो.

मिनेसोटात तेच झाले होते. गोरे आणि काळे साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात, तरी नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार या राज्यात काळ्या माणसाला त्यासाठी अटक होण्याचे प्रमाण गोऱ्याच्या पाच पटींहून अधिक होते. अटकेची नोंद म्हणजे नोकरी नाही, भाड्याने खोली नाही. नव्या कायद्यानंतर २०२४ मध्ये अशा ५७ हजारांहून अधिक जुन्या नोंदी सरकारने आपणहून पुसल्या. आणि त्या लोकांची मधली वर्षे? ती कोणी पुसून देत नाही.

महसुलाची गोष्टही पाहा. गांजाच्या विक्रीवर राज्याने आधी १० टक्के कर लावला, जुलै २०२५ पासून तो १५ टक्के केला. सुरुवातीला त्यातला पाचवा हिस्सा स्थानिक संस्थांना मिळायचा होता. २०२५ मध्ये तो वाटाच काढून टाकला. नियम राबवायचा शहराने, तिजोरी भरायची राज्याची. रस्त्याला त्यातून खडीही नाही.

आणि खोलीत राहणाऱ्याचे काय? ज्याचे स्वतःचे घर, मागे परसदार, तो निवांत ओढतो. त्याला कोणी हटकत नाही. केंद्र सरकारच्या मदतीने चालणाऱ्या घरांत गांजा अजूनही निषिद्ध आहे, कारण केंद्राचा कायदा बदललेला नाही. १ मार्च २०२५ पासून राज्याने बहुमजली भाड्याच्या इमारतींत, गॅलरीतसुद्धा, गांजा ओढायला मनाई केली; सूट फक्त नोंदणी केलेल्या रुग्णांना. शेजारच्या बाळाच्या नाकात धूर जातो, म्हणून हा नियमही वाजवीच आहे. पण खोलीत नाही, गॅलरीत नाही, उद्यानात नाही, दारापाशी नाही. जी गोष्ट बंगल्यात हक्क म्हणून चालते, तिच्यासाठी चाळीतल्या माणसाला दंडाची पावती. सेंट पॉलमध्ये निम्म्याच्या आसपास कुटुंबे भाड्याने राहतात.