रजोनिवृत्तीनंतरचा अस्थिक्षय : इस्ट्रोजेनचे कार्य व आपली जबाबदारी

रजोनिवृत्तीनंतर कंबरदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णेस प्रवाळभस्म, शंखभस्म अथवा कॅल्शियमच्या गोळ्या देण्याचा प्रघात आपल्या व्यवसायात रूढ आहे. औषधालयांतून तर ही द्रव्ये वैद्याच्या सल्ल्यावाचूनही नेली जातात. अस्थीस लागणारे द्रव्य पुरविले की अस्थी बळकट होते, ही यामागील समजूत. ती अपुरी का ठरते, हे अस्थिपेशींचे नियमन पाहिल्यास ध्यानात येते.

अस्थीमध्ये शोषण व भरण ही कार्ये आयुष्यभर चालू असतात. ऑस्टिओक्लास्ट या शोषक पेशी जुनी अस्थी झिजवितात, तर ऑस्टिओब्लास्ट या रचक पेशी तेथे नवी अस्थी घडवितात. एका जागेचे शोषण काही आठवड्यांत पूर्ण होते. भरणास मात्र काही महिने लागतात. रचक पेशींच्या कुळातून, विशेषतः अस्थीत रुतलेल्या ऑस्टिओसाइट पेशींतून, निर्माण होणारे रँकल हे प्रथिन शोषक पेशींना परिपक्व करते. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरे प्रथिन रँकलला बांधून ठेवून शोषणास आवर घालते.

इस्ट्रोजेन रँकलचे प्रमाण मर्यादित ठेवते, शोषक पेशींचे आयुष्य कमी करते आणि रचक पेशींचे वाढविते. रजोनिवृत्तीत हा अंकुश सुटतो. शोषणाची ठिकाणे वाढतात आणि भरण मागे पडते. मणक्यांतील जाळीदार अस्थीस याची झळ प्रथम लागते. रजोनिवृत्तीलगतच्या काही वर्षांत हा क्षय सर्वांत वेगाने होतो. पुरुषांतही इस्ट्रोजेन आवश्यक असते. त्याचा ग्राहक निष्क्रिय असलेल्या एका तरुणाची अस्थी विरळ असल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणजेच कॅल्शियम हे बांधकामाचे साहित्य आहे. सुटलेला अंकुश ते परत आणीत नाही. अस्थी व वायू यांचा आश्रयाश्रयी भाव आपण जाणतो. चरकसंहितेनेही अस्थ्याश्रित विकारांत पंचकर्म, बस्ती आणि तिक्त द्रव्यांनी सिद्ध केलेले क्षीर व घृत सांगितले आहे. तथापि इस्ट्रोजेन म्हणजे अमुक दोष वा धातू, असे समीकरण मांडण्याची घाई आम्ही करणार नाही.

व्यवहारात तीन गोष्टी आम्ही आग्रहाने सुचवितो. पहिली, वेदना शमली म्हणजे क्षय थांबला असे मानू नये. अस्थिभंग होईपर्यंत हा क्षय बहुधा वेदनारहितच असतो. दुसरी, अकाली रजोनिवृत्ती, अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया, दीर्घकाळ स्टेरॉइडचे सेवन किंवा किरकोळ आघाताने झालेला अस्थिभंग असा इतिहास असल्यास डेक्सा तपासणीचा सल्ला द्यावा. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास तज्ज्ञांकडे पाठवावे. तिसरी, रँकलला रोखणारे डेनोसुमॅब हे इंजेक्शन चालू असल्यास ते परस्पर बंद करण्यास सांगू नये. पुढील मात्रा चुकल्यास अस्थिक्षय झपाट्याने उसळतो व एकाच वेळी अनेक मणक्यांचा भंग होऊ शकतो.

भस्माची पुडी देण्यापूर्वी हे चार प्रश्न विचारण्यास फारसा वेळ लागत नाही. न विचारल्यास मात्र त्याची किंमत रुग्णेला मोजावी लागते.