वाऱ्याने पळविलेला पाऊस

सुरतेच्या पावसाळ्याचा हिशेब सुरतेच्या आभाळावर होत नाही. तो उकाईच्या धरणावर होतो. आणि उकाईचा हिशेब होतो तो मुलताई, बऱ्हाणपूर, भुसावळ, धुळे या मुलखात पडणाऱ्या पावसावर. तापीचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे असून त्याचा पाऊण हिश्शाहून अधिक भाग महाराष्ट्रात आहे. लिंबायत-उधन्यात संसार थाटलेल्या आमच्या खानदेशी बांधवांच्या गावी कोसळलेले पाणीच पुढे त्यांच्या सुरतेतील उंबरठ्याशी येऊन उभे राहते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सुटले आणि शहराचा मोठा भाग बुडाला, हे कोणी विसरलेले नाही. त्या पुराचे खापर पर्जन्यमापकावर फोडण्याचा आमचा हेतू नाही. तसे करणे हास्यास्पद ठरेल. परंतु दारे केव्हा व किती उघडावी याचा विचार ज्या आकड्यांच्या आधारे होतो, त्यांतील एक आकडा नेहमी एकाच बाजूला चुकतो, हे सांगणे अवश्य आहे. वारा असला की पर्जन्यमापक पाऊस कमी दाखवितो.

याचे कारण पुष्कळांस वाटते ते नव्हे. पाऊस तिरपा पडतो म्हणून भांड्यात कमी जातो, ही समजूत चुकीची आहे. सपाट जमिनीवर आडव्या तोंडाच्या भांड्यास तिरपा पाऊसही आपला वाटा पोचवितो. खरा दोष भांड्याच्या उभे राहण्यातच आहे. वाऱ्याच्या वाटेत भांडे आले की हवा त्याच्या काठावरून उसळते, वेग घेते, आणि बारीक थेंब तोंडावरून पलीकडे वाहून नेते. टपोरे थेंब मात्र आत पडतात. जमिनीपासून जितके वर जावे तितका वारा अधिक, म्हणून तूटही अधिक. लंडनच्या हेबर्डन नामक वैद्याने १७६९ साली प्रसिद्ध केलेली मापे पाहावीत. एकाच वर्षात जमिनीजवळच्या भांड्यात २२.६ इंच, घराच्या छपरावर १८.१ आणि वेस्टमिन्स्टर अॅबीच्या मनोऱ्यावर अवघे १२.१ इंच पाणी साचले! हे वाऱ्याचे काम आहे, असे जेव्हन्सने १८६१ मध्ये दाखवून दिले. हा जेव्हन्स पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून गाजला. आमच्या कौटिल्यानेही कोठारात एक अरत्नी तोंडाचे कुंड ठेवावयास सांगितले होते. अपरान्ताचा, म्हणजे आपल्या किनाऱ्याचा, पाऊस मात्र त्याने अपरिमित म्हणून मापाबाहेरच सोडून दिला. सुरतेस ती चैन परवडणारी नाही.

सर्वसाधारण पावसात ही तूट शेकडा दोन ते दहा असते. ऐकावयास क्षुल्लक वाटते खरी. पण उकाईवरील सुमारे ६२ हजार चौरस किलोमीटर पाणलोटात सर्वत्र १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि नोंदीत तो शेकडा पाच कमी आला, असे धरा. नोंदीबाहेर राहिलेले पाणी ३१ कोटी घनमीटर होते. त्यातील निम्मे मुरले म्हटले तरी उरलेले वाहून जाण्यास ९ लाख क्युसेकच्या विसर्गालाही दीड तासाहून अधिक वेळ लागेल.

यावर अभियंते म्हणतील की, पुराची गणिते याच भांड्यांच्या आकड्यांवर बसविलेली असल्याने चूक त्यांतच जिरते. चूक कायम सारखी असती तर हे आम्ही मान्य केले असते. ती सारखी नसते. शांत हवेतील सरीत ती जवळजवळ शून्य असते. वादळी वाऱ्याच्या दिवशी वाढते. आणि तापीस महापूर आणणारा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर, म्हणजे वारा घेऊनच येतो.

आपल्याकडे साध्या पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवतात. झाड वा इमारत तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी, असाही दंडक आहे. दंडक उत्तम आहे. पण मोकळी जागा नाही, गुरे शिरतात, या सबबींवर जेथे हे भांडे कचेरीच्या गच्चीवर चढते, तेथे हेबर्डनचा मनोराच पुन्हा उभा राहतो. ही भांडी प्रथम खाली उतरवावीत. खोऱ्यातील प्रत्येक जिल्ह्यात निदान एका ठिकाणी जमिनीच्या पातळीला तोंड असलेला, खड्ड्यात बसविलेला मापक ठेवावा व शेजारच्या नेहमीच्या मापकाशी त्याची तुलना रोज नोंदवावी. सकाळी साडेआठच्या पावसाच्या आकड्यासोबत वाऱ्याचा वेगही उकाईस कळवावा. यास फार मोठा खर्च लागणार नाही. भुसावळचा आकडा आणि सुरतेचा जीव ही दोन राज्यांची दोन खाती आहेत, एवढीच काय ती अडचण. ती दोन्ही सरकारांनी येत्या जूनपूर्वी एकत्र बसून दूर करावी.