जुन्या मोटारीचा निवारा

मनुष्याला एकाद्या वस्तूचा नाद लागला, म्हणजे ती मिळवावी कशी याचा विचार तो आधीं करतो आणि ती ठेवावी कोठें याचा विचार मागाहून करतो. पुस्तकें, नाणीं किंवा पोस्टाचीं तिकिटें यांच्या बाबतींत हा विलंब फारसा नडत नाहीं. कपाटाचा आणखी एक खण मोकळा केला कीं काम भागतें. जुन्या मोटारींच्या शौकिनाला मात्र तो फार महाग पडतो. मोटार कपाटांत मावत नाहीं, माळ्यावर चढत नाहीं, आणि उघड्यावर ठेवली तर मुंबईचा एकच पावसाळा तिची रया घालवितो.

पूर्वीं हा प्रश्न इतका बिकट नव्हता. मुंबई-पुण्याकडील मोठ्या बंगल्यांच्या आवारांत घोडागाडीसाठीं गाडीखाना असे. १८९८ च्या सुमारास मुंबईंत पहिल्या मोटारी आल्या. पुढें घोडे गेले आणि त्याच गाडीखान्यांत मोटार जाऊन बसली. आज ते बंगले पाडून तेथें उंच इमारती होत आहेत. नव्या इमारतींत एका बिऱ्हाडाला एका किंवा दोन मोटारींपुरती मोजकी जागा मिळते. तीहि पुष्कळदां यांत्रिक मांडणीवर, जेथें वाहनाची उंची आणि वजन यांना मर्यादा असते. रोजच्या वापराची मोटार तेथें उभी राहिली, कीं आजोबांच्या मोटारीला जागा उरत नाहीं. मग ती रस्त्याच्या कडेला येते, आणि तेथून भंगारवाल्याकडे जाण्यास फार दिवस लागत नाहींत.

अशी मोटार केवळ संस्थानिकांच्या वंशजांकडेच असते, हा समज आतां सोडला पाहिजे. भारत सरकारनें जुलै २०२१ मध्यें केलेल्या नियमांप्रमाणें, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली व मूळ स्वरूप राखून असलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये असून तिची मुदत १० वर्षें आहे. म्हणजे १९७० सालची साधी फियाटहि आज या मानास पात्र ठरूं शकते. मात्र असें वाहन रोजच्या कामासाठीं किंवा धंद्यासाठीं रस्त्यावर काढतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या मोटारींच्या फेऱ्या, दुरुस्ती, इंधन भरणें अशा कारणांपुरतेंच तें बाहेर काढावयाचें. वर्षांतील बहुतेक दिवस मोटार उभीच राहणार. तेव्हां ती जेथें उभी राहते, तेथेंच तिचें आयुष्य ठरतें.

जागा पाहण्यापूर्वीं मोटार मोजावी. प्रीमियर पद्मिनीची लांबी सुमारें १३ फूट आणि रुंदी ५ फुटांहून थोडी कमी. तर १९५९ सालची शेवरोले इंपाला साडेसतरा फूट लांब आणि साडेसहा फुटांहून अधिक रुंद. दारें उघडण्यास व भोंवतीं फिरून पाहण्यास दोन्ही बाजूंना अडीच फूट आणि पुढें-मागें दोन फूट मोकळे हवेत. या हिशेबानें पद्मिनीला १० फूट रुंद व १७ फूट लांब खोली पुरते. इंपालेला १२ बाय २२ फुटांखालीं भागत नाहीं. दाराची रुंदी आणि आंत वळण्याची सोय निराळी पाहावी.

मापांनंतर हवा. लोखंडाचा खरा शत्रु पाऊस नसून हवेंतील दमटपणा होय. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे गंजण्याचा वेग झपाट्यानें वाढतो. मुंबईच्या पावसाळ्यांत ती कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वरच असते. याच्या उलट हवा फार कोरडी झाली, तर जुन्या मोटारींच्या पत्र्याखालचे लांकडी सांगाडे आणि बैठकींचें कातडें तडकतें. म्हणून आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखणें सर्वांत चांगलें. आर्द्रता मोजण्याचें साधें यंत्र स्वस्तांत मिळतें. जागा ठरविण्यापूर्वीं तें तेथें आठवडाभर, शक्य तर पावसाळ्यांत, ठेवून पाहावें. मोटारीवर प्लॅस्टिकचें आच्छादन घालणें म्हणजे तिला वाफेंत कोंडणें होय. हवा खेळूं देणारें सुती कापड त्याहून बरें.

शहरांत जागा न मिळाल्यास पुष्कळांच्या डोळ्यांपुढें लोणावळ्याचा किंवा अलिबागेचा बंगला येतो. या दोन्ही जागा माणसांना सुखाच्या, पण मोटारीला घातक. अलिबागेच्या हवेंत समुद्राचें मीठ असतें. लोणावळ्यास वर्षाला ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्याहि पुष्कळ वर. पण सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेस उतरलें, कीं चित्र पालटतें. पुण्यास ७०० ते ८०० मिलिमीटर, आणि दौंड-बारामतीकडे ५०० च्या आसपास. त्या पट्ट्यांत पक्क्या बांधणीची कोठी मिळाली, तर अर्धें काम निसर्गच करतो.

तेथेंहि शेजार पाहिलाच पाहिजे. धान्याच्या कोठाराशेजारीं उंदीर येतात, आणि जुन्या तारांवरचें सुती वेष्टण व बैठकींतील भरण त्यांना विशेष प्रिय. रासायनिक खतांच्या गोदामांतील क्षारांनीं पत्रा खाल्ला जातो. गोठा, तबेला व कोंबड्यांची खुराडीं यांपासून तर फारच दूर राहावें. ब्रिटिश अमदानींत हिंदुस्थानांतील सैन्याचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलीं असतां आपोआप तडकत. जनावरांच्या मलमूत्रांतून सुटणारा अमोनिया वायु, दमट हवा आणि पितळांत दडलेला ताण या तिहींचा तो परिणाम होता, असें १९२१ मध्यें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. जुन्या मोटारींच्या दिव्यांत आणि रेडिएटरांत पितळ बरेंच असतें, हें येथें आठवावें.

जमिनीची परीक्षा सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटवून एक रात्र फरशीवर ठेवावा. सकाळीं त्याच्या खालीं दंव दिसलें किंवा फरशी काळवंडली, तर खालून ओल येत आहे असें समजावें. तळघर कितीहि आटोपशीर दिसलें, तरी तेथें पाणी शिरण्याची शक्यता आधीं विचारावी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां सखल जागीं उभ्या असलेल्या असंख्य मोटारी बुडाल्या.

जागा मिळाल्यावर मोटार नुसती आंत ढकलून दार लावूं नये. मोटार धुऊन पूर्ण कोरडी करावी. इंजिनांतील जुनें तेल आम्लयुक्त झालेलें असतें; तें काढून नवें भरावें. बॅटरी सोडवून ती वेळोवेळीं चार्ज करीत जावी. हातब्रेक ओढून ठेवल्यास ब्रेकचें अस्तर ड्रमला चिकटतें. त्यापेक्षां चाकांना लांकडी अडण्या लावाव्यात. टायर एकाच जागीं दबून चपटे होऊं नयेत म्हणून आंसाखालीं मजबूत घोड्या देऊन चाकें उचलून ठेवावींत. सध्यां मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी शोषून घेतें आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाहीं. म्हणून दीर्घ मुक्कामापूर्वीं टांकी रिकामी करून घेणें हितावह. दर रविवारीं पांच मिनिटें इंजिन चालविण्याची रीत अनेक घरांत आहे. तिच्यानें लाभापेक्षां हानि अधिक होते, कारण इंजिन नीट तापत नाहीं आणि ज्वलनांतून निघालेली वाफ धुराच्या नळींतच पाणी होऊन बसते. चालवावयाची तर पंधरा-वीस किलोमीटर चालवावी. नाहीं तर स्वस्थ उभी ठेवावी.

दुसऱ्याची जागा घेतली, तर करार हवा. जागा वापरण्यास देण्याचा करार लेखी व नोंदलेला असावा, असें १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचें सांगणें आहे. किल्ली कोणाजवळ, मालकानें केव्हां येऊन पाहावें, जागा सोडण्याची सूचना किती दिवस आधीं, आणि आग किंवा चोरी झाल्यास जबाबदारी कोणाची, या चार गोष्टी त्यांत स्पष्ट असाव्यात. विमा उतरवितांना मोटार कोठें उभी आहे, हें विमा कंपनीला कळवावें.

एकट्या कुटुंबाला हा खर्च झेपत नाहीं, ही अडचण खरी आहे. परंतु जुन्या मोटारींना आश्रय देणाऱ्या पुष्कळ नामांकित वास्तु मुळांत दुसऱ्याच कामासाठीं बांधलेल्या होत्या. इंग्लंडांत बिस्टर येथें हवाई दलाच्या तळावरील इमारतींत २०१३ पासून जुन्या मोटारींचे कारागीर व कोठ्या एकत्र नांदूं लागल्या. फ्रान्समधील म्यूलूझ येथें श्लुम्फ बंधूंनीं १९५७ मध्यें लोकरीची एक जुनी गिरणी घेऊन तींत शेंकडों मोटारी जमविल्या. १९७७ मध्यें कामगारांनीं ती ताब्यांत घेतली आणि १९८२ मध्यें तेथें राष्ट्रीय संग्रहालय उघडलें. आपल्याकडे उदयपूरच्या राजघराण्यानें आपल्या जुन्या मोटारखान्यांतच २००० सालीं संग्रहालय उघडलें. यावरून घेण्याचा धडा असा, कीं नवी इमारत लागत नाहीं. उंच छपराची, पक्क्या जमिनीची जुनी वास्तु पुरते. पांच-सहा मालकांनीं मिळून अशी एक कोठी घेतली, हवेंतील पाणी शोषणारें एक यंत्र बसविलें आणि एक जाणता राखणदार नेमला, तर प्रत्येकाच्या वांट्यास येणारा भार सोसवण्याजोगा होतो.

एवढें करूनहि जागा मिळाली नाहीं, तर मोह आवरावा. मोटार धडधाकट असतांनाच, जागा असलेल्या जाणत्या माणसाच्या किंवा संग्रहालयाच्या स्वाधीन करावी. ती परक्या घरीं चालती राहिलेली पाहणें जिवाला लागतें खरें. पण आपल्या दारांत ती कुजलेली पाहणें त्याहून कठीण. जुनी वस्तु सांभाळणें म्हणजे ती आपल्याजवळच ठेवणें नव्हे. ती पुढच्या पिढीच्या हातीं धड पोहोंचविणें, एवढाच त्याचा अर्थ आहे.