‘बाई, ह्यानं माझी पेन्सिल घेतली!’

जांभूळ हे नाव अंबरनाथ-बदलापूरकडच्या मंडळींना ठाऊक असते ते तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. बारवीचे पाणी तिथे शुद्ध होऊन पुढे गावोगाव जाते. इंग्रजीला मात्र असा नळ नाही! अशा गावातल्या मराठी शाळेतल्या पोराशी इंग्रजीत बोलणारे माणूस बहुधा एकच, त्याच्या बाई. तेव्हा त्या तासाला कोण किती बोलतो, ह्याचा हिशेब करावाच लागतो.

आमच्या आधीच्या पिढीला ही चिंता नव्हती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीत भेटे आणि तर्खडकरांचे बोट धरून चाले. महाराष्ट्रात 2000 साली ती थेट पहिलीत आली. समजा, तास 35 मिनिटांचा, मुले 30. निम्मा वेळ बाई बोलल्या, तर मुलामागे उरतात 35 सेकंद. आणि तेही कसे? बाई पेन्सिल उचलतात. ‘व्हॉट इज धिस?’ तीस गळे गर्जतात, ‘धिस इज अ पेन्सिल!’ ‘व्हेरी गुड!’ आता बाईंना पेन्सिल ओळखता येत नव्हती, असे थोडेच आहे? प्रश्न, उत्तर, शेरा, हा साचा सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड ह्या ब्रिटिश अभ्यासकांनी 1975 साली नोंदवला. म्हणजे दोष एकट्या आपल्या बाईंचा नव्हे.

अमेरिकेत मेरी बड रो ह्या विदुषींनी विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले. प्रश्न टाकल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. तेच तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या पोराला तर तेवढी उसंत हवीच हवी. पण वर्गात शांतता पसरली की शिक्षकाचाच जीव कासावीस होतो. आम्हा कॉलेजातल्यांचाही होतो.

खरे बोलणे त्या साच्याबाहेर चाललेले असते. मागच्या बाकावरून तक्रार येते, ‘बाई, ह्यानं माझी पेन्सिल घेतली!’ ‘इंग्रजीत सांग,’ म्हटले की पोर खाली बसते. पेन्सिलही गेली आणि बोलणेही. पण बाईंनी नुसते विचारावे, ‘ही टूक युअर पेन्सिल?’ पोर मान हलवील. मग त्या चोराकडे वळून, ‘डिड यू टेक इट?’ ह्या प्रश्नाचे उत्तर बाईंना खरोखरच ठाऊक नसते. सारा वर्ग कान टवकारतो. चोर म्हणतो, ‘नो, बाई!’ आणि मागून कोणी तरी, न विचारता, ओरडते, ‘येस! ही टूक!’