पाहुण्या यंत्रावरचा डेटाबेस

एकाच संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा भास निर्माण करण्याची कल्पना आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील वैज्ञानिक केंद्रात १९६० च्या दशकात प्रत्यक्षात उतरली, आणि १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ या नावाने ती ग्राहकांसमोर आली. पुढे सर्वत्र पसरलेल्या एक्स८६ प्रोसेसरांवर मात्र ती साधणे अवघड होते, कारण त्यांच्या काही आज्ञा अधिकार नसताना दिल्या गेल्या तर प्रोसेसर तक्रार न करता त्या वेगळ्याच रीतीने पाळून मोकळा होई, आणि वरून देखरेख करणाऱ्या प्रोग्रामला हस्तक्षेपाची संधीच मिळत नसे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा आज्ञा चालता चालता बदलण्याची युक्ती वापरली; इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये पुढे आलेल्या झेनने ऑपरेटिंग सिस्टिमलाच आपण आभासी यंत्रावर आहोत याची जाणीव करून दिली; आणि २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरातच तशी सोय केल्यावर २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्याचा भाग झाले. देखरेख करणाऱ्या या प्रोग्रामला हायपरव्हायझर म्हणतात; ज्या खऱ्या यंत्रावर तो चालतो ते होस्ट, आणि त्याने उभे केलेले प्रत्येक आभासी यंत्र हे गेस्ट, म्हणजे पाहुणे.

बहुतेक प्रोग्रामांचे या भासावर निभते. डेटाबेस सर्व्हरचे निभत नाही, कारण कोणता मजकूर मेमरीत ठेवायचा, कोणता डिस्कवर लिहायचा आणि एखादा व्यवहार कायमचा झाला असे केव्हा जाहीर करायचे हे तो स्वतः ठरवतो, आणि ते ठरवताना खालच्या यंत्राविषयी बरेच काही गृहीत धरतो. व्हर्च्युअल मशीनवर डेटाबेस वेगाने चालवण्याची कला, जिला या व्यवसायात ट्यूनिंग म्हणतात, ती म्हणूनच बव्हंशी एकाच गोष्टीत सामावलेली आहे: ज्या ठिकाणी डेटाबेसला यंत्राचे खरे रूप कळणे आवश्यक आहे तेवढ्या ठिकाणचा पडदा बाजूला करणे.

यातील सर्वांत नाजूक जागा डिस्कची आहे. पोस्टग्रेसक्यूएलसारखा डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये क्रमाने लिहितो, हा लॉग डिस्कवर पोचल्याची खात्री ‘एफसिंक’ या आज्ञेने करून घेतो आणि मगच व्यवहार पक्का झाल्याचे, म्हणजे कमिट झाल्याचे, कळवतो. खऱ्या यंत्रावर या आज्ञेचा प्रवास छोटा असतो. आभासी यंत्रावर तिला गेस्टची ऑपरेटिंग सिस्टिम, आभासी डिस्क, हायपरव्हायझर, होस्टची फाइल सिस्टिम आणि शेवटी खरी डिस्क असे टप्पे पार करावे लागतात, आणि त्यांतील एकानेही ‘लिहिले’ असे खोटे सांगितले तर वीज गेल्यावर कमिट झालेले व्यवहार नाहीसे होतात किंवा डेटाबेसच बिघडतो. क्यूईएमयू या प्रोग्राममध्ये आभासी डिस्कसाठी ‘अनसेफ’ नावाचा एक पर्याय आहे, जो गेस्टच्या एफसिंककडे सरळ दुर्लक्ष करतो. चाचणीपुरत्या यंत्रांना तो ठीक असला तरी मोजमापात त्याचे आकडे इतके देखणे दिसतात की इतरत्रही त्याचा मोह व्हावा. हा खोटेपणा पकडण्याचे साधन पोस्टग्रेसक्यूएलबरोबरच मिळते. ‘पीजी टेस्ट एफसिंक’ हा छोटा प्रोग्राम एका सेकंदात किती एफसिंक होतात ते मोजतो, आणि मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी साधी डिस्क सेकंदाला १२० फेरेच घेत असल्यामुळे, तीच जागा पुन्हा पुन्हा लिहिताना तिच्यावर हजारोंचा आकडा आला तर मधले कोणीतरी लबाडी करत आहे असे खुशाल समजावे. बॅटरीचा आधार असलेले कंट्रोलर आणि वीज गेल्यावरही हातातले लिखाण पूर्ण करण्यापुरते कपॅसिटर असलेल्या एसएसडी हा आकडा प्रामाणिकपणे गाठू शकतात, म्हणून आकडा पाहण्याआधी खाली कोणते यंत्र आहे ते माहीत असावे लागते.

वेगाच्या दृष्टीने पाहता आभासी डिस्क ज्या अडॅप्टरमधून जोडली जाते त्याची निवड महत्त्वाची ठरते. हायपरव्हायझर जेव्हा एखाद्या जुन्या, खरोखर अस्तित्वात असलेल्या कंट्रोलरची हुबेहूब नक्कल करतो, तेव्हा गेस्टच्या प्रत्येक छोट्या हालचालीला प्रोसेसरला गेस्टमधून बाहेर पडून हायपरव्हायझरकडे जावे लागते. उलट केव्हीएमवरील व्हर्टआयओ किंवा व्हीएमवेअरवरील पीव्हीएससीएसआय हे अडॅप्टर नक्कल सोडून देतात आणि दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या सामाईक रांगेत मागण्या ठेवतात, त्यामुळे या येरझारा पुष्कळच कमी होतात. लॉग आणि मुख्य डेटा वेगवेगळ्या अडॅप्टरांवर ठेवण्याचा प्रघातही या रांगांमुळेच पडला आहे. क्यूईएमयूमध्ये कॅशचा ‘नन’ हा पर्याय घेतला की होस्टची कॅश टाळली जाते, आणि डेटाबेसच्या स्वतःच्या बफरमध्ये, गेस्टच्या कॅशमध्ये व होस्टच्या कॅशमध्ये असे ८ केबीचे एकच पान तीन ठिकाणी जागा अडवत बसत नाही.

मेमरीच्या बाबतीत हिशेब मांडून पाहिला की अडचण स्पष्ट होते. प्रोसेसर मेमरीची विभागणी सामान्यतः ४ केबीच्या पानांत करतो आणि प्रत्येक पानाचा पत्ता एका कोष्टकात ठेवतो. आभासी यंत्रात अशी कोष्टके दोन थरांची असतात, गेस्टची एक आणि होस्टची दुसरी, त्यामुळे चार पातळ्यांच्या कोष्टकात एक पत्ता शोधण्यासाठी जिथे वाईटात वाईट ४ वाचने लागत, तिथे २४ लागू शकतात. पोस्टग्रेसक्यूएलला ६४ जीबीचा सामाईक बफर दिला तर त्याची ४ केबीची पाने १ कोटी ६७ लाखांवर जातात. प्रत्येक नोंद ८ बाइटची, म्हणजे कोष्टक १२८ एमबीचे. आणि हा डेटाबेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवत असल्यामुळे, ३०० जोडण्यांनी संपूर्ण बफर हाताळला तर नुसती कोष्टकेच ३७ जीबीहून अधिक मेमरी खाऊन टाकतात. २ एमबीची ‘ह्यूज पेजेस’ वापरली की हेच कोष्टक दर जोडणीमागे २५६ केबीवर येते, आणि होस्टवरही तशीच मोठी पाने वापरली तर पत्ता शोधण्याची वाटही आखूड होते.

मेमरी कमी पडल्यास गेस्टकडून ती परत मिळवण्याची ‘बलूनिंग’ ही युक्ती, जिचे वर्णन कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मधील आपल्या निबंधात केले, मोठी चतुराईची आहे: गेस्टच्या आत बसवलेला ड्रायव्हर फुग्यासारखा मेमरी अडवतो आणि कोणती पाने सोडायची ते गेस्टलाच ठरवू देतो. परंतु डेटाबेसने आपल्या बफरमध्ये जपलेली पाने स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, ढकलली गेली की मेमरीतच आहे असे समजून वाचलेले प्रत्येक पान डिस्कवरून येऊ लागते. त्यामुळे अशा गेस्टसाठी संपूर्ण मेमरी राखून ठेवणे हाच उपाय उरतो. होस्टवर आणखी चार यंत्रे दाटीवाटीने बसवण्याचा मोह ज्या संस्थेला आवरत नाही तिने डेटाबेसच्या मंदपणाची तक्रार करू नये.

प्रोसेसरच्या बाबतीत अंतःप्रेरणा नेमकी उलट दिशेला नेते. मंद डेटाबेसला आणखी आभासी कोअर द्यावेत असे वाटते, पण भरलेल्या होस्टवर कोअर वाढवले की त्यांना खरे कोअर मिळण्याची वाट अधिक पाहावी लागते, आणि एखादे कुलूप धरून बसलेला आभासी कोअर नेमका त्या क्षणी बाजूला काढला गेला तर उरलेले सगळे त्या कुलपासाठी जागेवरच घिरट्या घालत वेळ दवडतात. व्हीएमवेअरमध्ये ही प्रतीक्षा ‘सीपीयू रेडी’ या आकड्यात दिसते. लिनक्स गेस्टमध्ये ‘टॉप’ या आज्ञेच्या ‘एसटी’ या खान्यात, जो स्टील टाइम म्हणजे चोरीला गेलेला वेळ दाखवतो. दोन सॉकेटच्या यंत्रात प्रत्येक सॉकेटची मेमरी त्याला जवळची आणि दुसऱ्याची लांबची असते, ज्या रचनेला न्यूमा म्हणतात. १६ कोअरच्या दोन सॉकेटांवर २४ कोअरचा गेस्ट उभा केला तर तो दोन्हींवर पसरतो, आणि ही रचना त्याला दाखवली नाही तर डेटाबेस लांबची मेमरी जवळची समजून वापरत राहतो. व्हीएमवेअरच्या अनेक आवृत्त्यांत चालू यंत्रात कोअर वाढवण्याची सोय सुरू ठेवली की हे दर्शन आपोआप बंद होते, आणि ही सोय लोक ‘असू द्यावी’ म्हणून चालू ठेवतात.

नेटवर्कविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. तिथेही नक्कल केलेल्या कार्डाऐवजी व्हर्टआयओ किंवा व्हीएमएक्सनेट३ घेतले की बहुतेक काम भागते.

आभासी यंत्राचे खरे आकर्षण मात्र वेगापलीकडचे आहे: चालू गेस्ट एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवता येतो. मेमरीची पाने आधी पाठवून, दरम्यान बदललेली पुन्हा पाठवून, शेवटी क्षणभर थांबवून हे स्थलांतर पुरे होते. २५६ जीबीच्या गेस्टला सेकंदाला १० गिगाबिटच्या जाळ्यावर पहिल्या फेरीलाच सुमारे साडेतीन मिनिटे लागतात, आणि डेटाबेस जोरात लिहीत असेल तर बदललेल्या पानांची रांग संपता संपत नाही. शेवटचा विराम लांबला तर मुख्य डेटाबेस सर्व्हर मेला असे समजून त्याच्यावर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर त्याच्या जागी सज्ज ठेवलेल्या पर्यायी सर्व्हरला मुख्य करू शकते, म्हणून त्या सॉफ्टवेअरची प्रतीक्षेची मुदत स्थलांतराचा विराम मोजून ठरवावी लागते. हे स्थलांतर अनेक होस्टांचा समूह, म्हणजे क्लस्टर, सांभाळणारे सॉफ्टवेअर भार समतोल करण्यासाठी आपणहूनही करू शकते, आणि मुख्य व पर्यायी डेटाबेस एकाच होस्टवर आणून बसवण्यात त्याला काहीच वावगे वाटत नाही. ती दोन यंत्रे कधीही एका होस्टवर येणार नाहीत असा नियम व्यवस्थापकाने क्लस्टरमध्ये स्वतः लिहून ठेवावा लागतो.