बेणे आणि ज्ञान

नीरा डाव्या कालव्यावर पोसलेला लासुर्णे परिसर भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात येतो. सहकारी कारखान्यास कच्चा माल पुरविणारा शेतकरी बहुधा त्याचाच सभासद असल्याने, त्याला नव्या वाणाचे ज्ञान देणे हा उपकार नव्हे, तर स्वहिताचीच तजवीज होय. नीरेकाठीच, फलटण तालुक्यात, सन १९३२ पासून कार्यरत असलेल्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्रातून को ८६०३२ व फुले २६५ हे वाण प्रसृत झाले. परंतु प्रयोगक्षेत्र आणि बांध यांमधील अंतर तुटते ते मूलभूत, पायाभूत व प्रमाणित अशा त्रिस्तरीय बेणेमळ्यांमुळे आणि लागणीची नोंद दफ्तरी घेताघेता शेतकऱ्यास चार गोष्टी सांगणाऱ्या, व त्याच्याकडून चार ऐकणाऱ्या, शेतकी विभागाच्या कर्मचाऱ्यामुळे. हे ऐकणेच बहुधा राहून जाते, असे आमचे मत. शिवाय नवे ज्ञान बांधावर रुजण्यात दराची पद्धतही आड येते: उसाचा दर वजनावर मिळतो आणि साखर उताराही संपूर्ण कारखान्याचा सरासरीने धरला जातो. त्यामुळे एखाद्याने परिश्रमपूर्वक अधिक गोड ऊस पिकविला, तरी त्या माधुर्याचा स्वतंत्र मोबदला त्याच्या पदरी पडत नाही.