यंत्राला वऱ्हाड शिकवताना

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या वऱ्हाडातील पाच जिल्ह्यांची उच्चशिक्षणाची व्यवस्था १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाकडे, म्हणजे आजच्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाकडे आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय त्याआधीचे, १९६४ चे. बडनेरा व शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालये विद्यापीठाच्याच वयाची आहेत. या महाविद्यालयांच्या संगणकशास्त्र विभागांत पदव्युत्तर प्रकल्पासाठी जे विषय सहज निवडले जातात, त्यांत मोबाइलच्या साहाय्याने माणसाची हालचाल ओळखणे आणि प्रश्नाला उत्तर देणारा चॅटबॉट तयार करणे हे दोन ठळक आहेत. दोहोंची साधने निरनिराळी असली तरी कामाची रीत एकच आहे, कारण दोन्ही ठिकाणी यंत्रापुढे आधी उदाहरणे ठेवावी लागतात, प्रत्येक उदाहरणाला नाव द्यावे लागते आणि मगच न पाहिलेल्या उदाहरणाचे नाव यंत्राला विचारता येते. पहिली दोन कामे जितक्या काळजीने होतात, तेवढेच तिसऱ्याला यश येते. आणि वऱ्हाडातील बहुतेक प्रकल्पांत ही दोन कामे वऱ्हाडाबाहेर, इतरांनी, इतरांच्या देहांवर आणि इतरांच्या बोलण्यावर करून ठेवलेली असतात.

हालचाल ओळखण्याचे काम फोनमधील त्वरणमापकापासून सुरू होते. त्वरणमापक म्हणजे वेगातील बदल मोजणारा सूक्ष्म संवेदक असून तो लांबी, रुंदी आणि जाडी या तीन दिशांनी स्वतंत्र आकडे देतो. टेबलावर स्वस्थ ठेवलेल्या फोनमध्येही एका दिशेचा आकडा ९.८ च्या आसपास दिसतो, कारण गुरुत्वाकर्षण तेथेही नोंदले जाते. जोडीला फिरण्याचा वेग सांगणारा जायरोस्कोप असतो. जेनोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला आणि आज जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती असलेला नोंदसंग्रह याच दोन संवेदकांवर उभा आहे. १९ ते ४८ वयाच्या ३० जणांनी कमरेला फोन बांधून चालणे, जिना चढणे, जिना उतरणे, बसणे, उभे राहणे आणि आडवे होणे या सहा क्रिया केल्या आणि सेकंदाला ५० या गतीने नोंदी घेण्यात आल्या. आकड्यांची ही सलग धार यंत्राला तशीच देता येत नाही, तिचे २.५६ सेकंदांचे तुकडे पाडले जातात आणि त्या तुकड्याला खिडकी म्हणतात. हा अवधी मनाला येईल तसा ठरवलेला नाही. संथ चालणाऱ्या माणसाची डावी-उजवी अशी दोन पावले एका खिडकीत पूर्ण यावीत, हा त्यामागचा हिशेब आहे. अशा प्रत्येक खिडकीत १२८ नोंदी येतात, त्यांतून सरासरी, चढउतार, लयीची वारंवारता अशी ५६१ वैशिष्ट्ये काढली जातात, आणि वर्गीकरण करणारी आज्ञावली त्या वैशिष्ट्यांवरून क्रियेचे नाव सांगते.

येथे एक चूक इतक्या सहज होते की प्रकल्प-अहवाल वाचणाऱ्याने सर्वांत आधी तीच शोधावी. एकही पाऊल दोन तुकड्यांच्या सांध्यावर हरवू नये म्हणून लागोपाठच्या खिडक्या एकमेकींवर निम्म्याने चढवलेल्या असतात. म्हणजे शेजारच्या दोन खिडक्यांत ६४ नोंदी सामाईक असतात. विद्यार्थी जेव्हा सर्व खिडक्या एकत्र मिसळून काही प्रशिक्षणाला आणि काही चाचणीला ठेवतो, तेव्हा चाचणीतील खिडकीचा अर्धा भाग यंत्राने आधीच पाहिलेला असतो, आणि अहवालात नव्याण्णव टक्क्यांच्या घरातील अचूकता झळकते. जेनोवाच्या संशोधकांनी खिडक्यांऐवजी माणसे वेगळी केली होती; ७० टक्के स्वयंसेवक प्रशिक्षणाला आणि उरलेले ३० टक्के चाचणीला ठेवले, आणि तरी सुमारे ९६ टक्के अचूकता मिळवली. वाटणी माणसांची केली की खिडक्यांची, हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला गेला, तर अनेक प्रकल्पांचे आकडे खाली येतील, आणि ते यावेत.

माणसे नीट वेगळी केली तरी दुसरी अडचण उरते. त्या संग्रहातील बसणे खुर्चीवरचे आहे. उकिडवे बसणे त्यात नाही आणि मांडी घालून बसणेही नाही. बसणे व उभे राहणे या दोहोंत कमरेवरचा फोन जवळजवळ सारख्याच कलात असल्याने यंत्राचा गोंधळ मूळ संग्रहातही याच जोडीत अधिक होतो; मग निंदण करणारी बाई, जी उकिडवी बसून खुरपे चालवते आणि न उठता पुढे सरकते, तिला यंत्राने काय म्हणावे? सहांपैकी एक नाव देणे त्याला भागच असते, आणि ते कोणतेही दिले तरी चूकच असते. डवरणीचे, म्हणजे बैलांनी ओढलेल्या डवऱ्याने पिकाच्या ओळींमधले तण काढण्याचे, तसेच आहे. डवऱ्याच्या रुमण्यावर हात ठेवून बैलांमागे जाणाऱ्या माणसाची गती बैल ठरवतात, हात मोकळे हलत नाहीत, पाय ढेकळांत पडतो. संग्रहातील गुळगुळीत फरशीवरच्या चालण्याशी हे चालणे मेळ खात नाही. कापूस वेचणीत तर एकाच क्रियेची खूण दिवसभरात बदलते, कारण कमरेची ओटी भरत जाते तसा देहाचा तोल आणि पावलांचा ठेका दोन्ही पालटतात.

फवारणीचे उदाहरण यांहून बोलके आहे. पाठीवरच्या जुन्या पंपाचा दांडा एका हाताने सतत वर-खाली करावा लागतो, त्यामुळे त्याची लय संवेदकाला स्पष्ट दिसते. बॅटरीवर चालणाऱ्या पंपात ती लय नाहीशी होते आणि उरते ते ओझे घेऊन संथ चालणे व नळी फिरवणारा हात. दोन्ही खिडक्यांवर 'फवारणी' हेच नाव लिहिले तर यंत्र गोंधळते, आणि वेगळी नावे दिली तर नोंदी दुप्पट गोळा कराव्या लागतात. हा खटाटोप करण्यासारखा आहे, कारण २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसपेक्षा अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कोण किती तास सलग फवारतो याची खात्रीची नोंद कमरेवरच्या फोनमधून मिळू शकली, तर धोक्याचा अंदाज आठवणीवर विसंबून राहणार नाही.

अमरावतीत हालचाल ओळखण्याच्या या विद्येला एक आयता शेजार लाभला आहे आणि त्याचा उपयोग फारसा होत नाही, याचे नवल वाटते. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली. दंड, बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांबावरील पकडी या क्रियांचे टप्पे ठरलेले आहेत, नावे ठरलेली आहेत आणि चूक कोठे होते हे बोटाने दाखवणारे प्रशिक्षक तेथे आहेत. नोंदींना नावे देण्याच्या कामात सर्वांत महाग पडतो तो जाणकार माणूस. बैठक पूर्ण झाली की अर्धवट राहिली, हे संगणकाच्या विद्यार्थ्याला चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहूनही ठरवता येत नाही, ते आखाड्यातला प्रशिक्षक एका नजरेत सांगतो.

फोन अंगावर कोठे असतो, हा प्रश्न वरवर क्षुल्लक असला तरी निकालाची दिशा तोच ठरवतो. न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठातील दुसऱ्या प्रसिद्ध संग्रहात फोन विजारीच्या पुढच्या खिशात होता. साडीला खिसा नसतो. शेतावर जाणारा फोन पिशवीत, बांधावरच्या डब्याजवळ किंवा घरच्या पुरुषाच्या खिशात असतो, आणि ज्या घरात फोन एकच, तेथे त्यातील हालचाल कोणाची हेही ठरत नाही. त्यात बॅटरीची भर पडते, कारण संवेदक सतत वाचत राहिला तर फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही. म्हणून गणित फोनमध्येच आणि आटोपशीर करावे लागते; ३२ बिटांत साठवलेले आकडे ८ बिटांत बसवले तर मॉडेलचा आकार चौथ्या हिश्श्यावर येतो आणि अचूकता थोडीशीच घटते. वाधवानी एआय या संस्थेने कापसासाठी केलेल्या अ‍ॅपमध्ये हाच मार्ग धरला आहे. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सापडलेल्या बोंडअळीच्या पतंगांचा फोटो काढला की फोन नेटवर्कविना पतंग मोजतो आणि फवारणीची गरज आहे का, ते सांगतो. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रतिसापळा आठ पतंग ही पातळी शिफारशीत ठरलेली आहे, त्यामुळे मोजणी बरोबर आली की सल्ल्यात मतभेदाला जागा राहत नाही. हालचालीच्या नोंदीला मात्र संमतीची बाजू आहे. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून फोनची हालचाल-ओळख सेवा वापरण्यास वेगळी परवानगी मागावी लागते, आणि रोजंदारीवरच्या बाईची हालचाल जर मालकाला कळणार असेल, तर ते संशोधन राहत नाही, ती मुकादमी होते.

दुसरा विषय चॅटबॉटचा. त्याचा इतिहास १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी एमआयटीत लिहिलेल्या एलायझापर्यंत मागे जातो. ती आज्ञावली समोरच्याच्या वाक्यातले शब्द उलटवून प्रश्न करी आणि तिला काहीही कळत नसे. विद्यार्थी-प्रकल्पांतील चॅटबॉट त्यापुढे एक पायरी असतो. तो प्रत्येक वाक्यातून हेतू, म्हणजे विचारणाऱ्याला काय हवे ते, आणि घटक, म्हणजे पीक, कीड, तारीख, प्रमाण यांसारख्या नेमक्या गोष्टी वेगळ्या काढतो. 'माझ्या कपाशीवर बोंडअळीचा प्रादुर्भाव झाला आहे, उपाय सांगा' या वाक्यावर तो उत्तम चालतो, परंतु असे वाक्य शेतकरी बोलत नाही. तो विचारतो, 'पऱ्हाटीवर बोंडअयी दिसून रायली, काय मारू?' येथे पीक पऱ्हाटी आहे, ळ चा य झालेला आहे, क्रियापदाची ठेवण वऱ्हाडी आहे आणि 'मारू' म्हणजे फवारू. पुढचे वाक्य 'पोयाच्या अमोशाले एक फवारा झाला' असे येते, तेव्हा यंत्राला पोळ्याची अमावस्या त्या वर्षीच्या इंग्रजी तारखेत बदलून मधले दिवस मोजता आले पाहिजेत. बरेच जण हे रोमन लिपीत, प्रत्येकजण आपापल्या स्पेलिंगने लिहितात. त्याहून अधिक जण लिहीतच नाहीत, बोलून पाठवतात.

उत्तराच्या बाजूला मोजमापाचा पेच आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत औषधाचे प्रमाण दहा लिटर पाण्यासाठी आणि खताचे हेक्टरी दिलेले असते, तर शेतकरी 'पंपाला किती' आणि 'एकरी किती' असे विचारतो. पाठीवरचा पंप बहुधा पंधरा-सोळा लिटरचा असतो. पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर पंपाला पाणी कमी लागते, म्हणून त्यासाठी औषधाची मात्रा तिप्पट घ्यावी असे सांगितले जाते. दहा लिटरला २० मिलि ही मात्रा साध्या १५ लिटरच्या पंपाला ३० मिलि होते. पंप कोणता हे न विचारता जो चॅटबॉट आकडा सांगून मोकळा होतो, तो भाषेत कितीही सफाईदार असला तरी नापास समजावा. मोठ्या भाषा-मॉडेलांनी ही सफाई स्वस्त केली आणि धोका वाढवला, कारण ती न अडखळता चुकीचा आकडाही देतात. त्यावरचा प्रचलित उपाय असा की मॉडेलने स्मरणातून उत्तर न देता आधी अधिकृत शिफारशींतून संबंधित मजकूर शोधावा आणि त्याच्याच आधाराने बोलावे. केंद्राने २०२३ मध्ये पीएम-किसानच्या चौकशीसाठी 'किसान ई-मित्र' हा चॅटबॉट सुरू केला, राज्याने २०२५ मध्ये शेतीसल्ल्याचे 'महाविस्तार' अ‍ॅप आणले. दोन्ही मराठीत उत्तर देतात. प्रश्न मराठीच्या कोणत्या रूपात ऐकले जातील, यावर त्यांचा वऱ्हाडातील उपयोग ठरेल.

त्या दिशेने पाया घातला गेला आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये सुमारे २८ कोटी ९० लाख शब्दखंडांचा मराठी मजकूर आणि त्यावर घडवलेली मॉडेले खुली केली. परंतु त्यातली मराठी मुख्यतः बातम्यांची व लेखी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने 'रेस्पिन' प्रकल्पात शेती व वित्तव्यवहाराच्या विषयांवर मराठीसह नऊ भाषांची बोलीभेदांनुसार ध्वनिमुद्रणे केली. वऱ्हाडी आणि नागपुरी यांची पद्धतशीर दखल ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ मधील खंडातच घेतली होती. मेळघाटातील कोरकू मात्र मुंडा कुळातील भाषा असल्याने तिला यांतले काहीच लागू पडत नाही. मेळघाटातलेच हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून पुढे आले, पण कोरकूत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी व्यवस्था ही निराळी आणि अधिक कठीण गोष्ट आहे. मराठीच्या यशात ती आपोआप येणार नाही.

प्रबंधाचे एक सत्र संपले की त्यासाठी गोळा केलेल्या नोंदी आणि ध्वनिमुद्रणे विद्यार्थ्याच्या लॅपटॉपबरोबर निघून जातात आणि पुढचा विद्यार्थी पुन्हा जेनोवाच्या सहा क्रियांपासून सुरुवात करतो. हे थांबवण्यास नवे यंत्र किंवा मोठा निधी लागत नाही. विद्यापीठाने प्रबंधाबरोबर, संमतिपत्रांसह आणि नावे काढून टाकून, नोंदसंग्रह जमा करण्याची अट घालावी; अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांच्या प्रश्नांची खरी वाक्ये जशीच्या तशी, शुद्ध न करता, त्यात घालावीत; आणि अमरावती जिल्ह्यातल्या ज्या रिद्धपुरात 'लीळाचरित्र'कार म्हाइंभटांनी साक्षीदारांना विचारून विचारून लीळा जमवल्या, तेथे उभ्या राहत असलेल्या मराठी भाषा विद्यापीठाने या संग्रहाची राखण आपल्याकडे घ्यावी.